फोनमधला ब्राउझर अचानक बदलतो, ती तारीख कोण ठरवतं?

सकाळी फोन उघडला आणि ब्राउझरचा चेहराच वेगळा, असं तुमच्यासोबत कधी ना कधी झालंच असेल. काल वर असलेला ॲड्रेस बार आज खाली, टॅबचं बटण भलत्याच कोपऱ्यात, तीन टिंबं शोधावी लागतात. आपण ‘अपडेट आलं असेल’ म्हणतो आणि पुढे जातो. पण ते आजच का आलं? महिनाभर आधी का नाही? आणि ते खरंच तयार होतं, की तयार व्हायच्या आधीच आपल्या हातात दिलं?

मी जव्हार तालुक्यातल्या साखरशेतचा. आमच्याकडे ब्राउझर म्हणजे नुसता टाइमपास नाही. महाडीबीटीचा शिष्यवृत्तीचा फॉर्म, सातबारा, बोर्डाचा निकाल, सगळं फोनच्या ब्राउझरमध्येच बघायचं, आणि तेही जिथे रेंज मिळते तिथे उभं राहून. मागे एकदा गावातली बारावीची एक मुलगी अर्धा भरलेला फॉर्म घेऊन आली. ‘दादा, ते डेस्कटॉप साइटचं कुठे गेलं? काल तर वर तीन टिंबांत होतं.’ रात्रीत तिच्या ब्राउझरचं रूप बदललं होतं आणि मेन्यू खाली सरकला होता. मेन्यू सापडेपर्यंत रेंज गेली आणि लॉगिनची वेळ संपली. फॉर्म दुसऱ्या दिवशी भरला, एवढ्यावर निभावलं. पण शेवटची तारीख तीच असती तर? म्हणून हा विषय नीट समजून घेऊ.

आधी साधी गोष्ट: घड्याळं वेगळी आहेत

ऑपरेटिंग सिस्टिम आणि ब्राउझर या दोन वेगळ्या वस्तू आहेत. बऱ्याचदा दोन वेगळ्या टीम त्या बनवतात आणि दोघांचं वेळापत्रक वेगळं असतं. अँड्रॉइड, आयओएस यांची मोठी आवृत्ती साधारण वर्षातून एकदा येते. क्रोमची नवी आवृत्ती २०२१ पासून दर चार आठवड्यांनी येऊ लागली, फायरफॉक्सचंही जवळपास तसंच. यात तिसरं घड्याळ असतं, ज्याच्याकडे कोणी बघत नाही: जुन्या ब्राउझरला सिक्युरिटी अपडेट कधीपर्यंत मिळणार? माझ्या मते तारीख खऱ्या अर्थाने हेच तिसरं घड्याळ ठरवतं. नवीन डिझाइन किती सुंदर झालं, याचा नंबर त्यानंतर लागतो.

हे पटवून द्यायला माझ्याकडे एक जुनी पण झकास केस आहे.

उबंटू, एप्रिल २००८: बीटा ब्राउझर घालून पाठवलेली सिस्टिम

उबंटू म्हणजे लिनक्सवर चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम. तिची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी, एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये येते. आवृत्तीच्या नंबरातच तारीख असते: ८.०४ म्हणजे २००८ चा चौथा महिना. तारीख चुकवायची नाही, हा त्यांचा हट्ट. दर दोन वर्षांनी त्यातली एक आवृत्ती ‘एलटीएस’ असते, म्हणजे जास्त काळ सांभाळली जाणारी. ऑफिसं, शाळा, सायबर कॅफे अशा ठिकाणी हीच टाकतात, कारण वारंवार बदल नको असतो. ८.०४ ही अशीच एलटीएस होती. डेस्कटॉपसाठी तीन वर्षं अपडेट देण्याचं वचन होतं.

आता अडचण बघा. त्या वेळी लोकांच्या हातात फायरफॉक्स २ होता, ऑक्टोबर २००६ मध्ये आलेला, घासूनपुसून पक्का झालेला. फायरफॉक्स ३ येऊ घातला होता, पण तयार नव्हता. त्याचा पाचवा बीटा २ एप्रिल २००८ ला आला आणि उबंटूची तारीख होती २४ एप्रिल. बीटा म्हणजे अजून चाचणीत असलेलं सॉफ्टवेअर. त्यात चुका असणार, हे बनवणारेच सांगतात.

कोणीही शहाणा माणूस म्हणेल, एलटीएसमध्ये बीटा कशाला? पक्का फायरफॉक्स २ द्या आणि मोकळे व्हा.

उबंटूने उलट केलं. २४ एप्रिलला ८.०४ बाहेर पडली ती फायरफॉक्स ३ च्या पाचव्या बीटासकट, आणि तोच मुख्य ब्राउझर. कारण तिसरं घड्याळ. मोझिलाचा तेव्हाचा नियम होता की नवी मोठी आवृत्ती आली की साधारण सहा महिन्यांनी जुनीला अपडेट बंद. झालंही तसंच. फायरफॉक्स ३ १७ जून २००८ ला आला आणि फायरफॉक्स २ चं शेवटचं अपडेट डिसेंबर २००८ मध्ये निघालं. उबंटूचं वचन मात्र २०११ च्या मे महिन्यापर्यंतचं. म्हणजे फायरफॉक्स २ दिला असता तर आठ महिन्यांनी तो अनाथ झाला असता, आणि पुढची जवळजवळ अडीच वर्षं सापडणारं प्रत्येक भोक उबंटूच्याच लोकांना स्वतः बुजवावं लागलं असतं. ब्राउझर हा एवढा मोठा कोड आहे की दुसऱ्याच्या जुन्या ब्राउझरला ठिगळं लावत बसणं छोट्या टीमला झेपत नाही. आणि ब्राउझर म्हणजे घराचा दरवाजा, बाहेरचं सगळं तिथूनच आत येतं.

तर निवड ‘पक्का की कच्चा’ अशी नव्हतीच. ‘दोन महिने कच्चा, की अडीच वर्षं बेवारस’, अशी होती.

त्याची किंमत लोकांनी मोजली, हेही सांगायला हवं. फायरफॉक्स ३ मध्ये बरंच बदललं होतं. ॲड्रेस बारमध्ये काही अक्षरं टाइप केली की हिस्ट्री आणि बुकमार्कमधून पानं शोधून दाखवायची सोय, बुकमार्कसाठी एका क्लिकचा तारा, प्रत्येक सिस्टिमशी मिळतंजुळतं रूप. पण अनेक ॲड-ऑन नव्या आवृत्तीवर चालत नव्हती. लिनक्सवर आणखी एक विचित्र त्रास होता. फायरफॉक्स ३ हिस्ट्री एका छोट्या डेटाबेसमध्ये ठेवू लागला आणि ‘हे आत्ताच्या आत्ता डिस्कवर लिही’ असा हुकूम सारखा सोडू लागला. त्या काळच्या लिनक्सच्या ईएक्सटी३ फाइल सिस्टिमची सवय अशी की असा हुकूम आला की फक्त ती फाइल नाही, थांबलेलं सगळंच लिहून काढायचं. त्यामुळे मागे मोठी फाइल कॉपी होत असली तर नुसती लिंक दाबल्यावर ब्राउझर काही सेकंद ठप्प. यावर पुढे काम झालं, पण बीटा वापरणाऱ्यांनी तो ताप सोसला.

जुलै २००८ मध्ये ८.०४.१ निघाली, तोवर पक्का फायरफॉक्स ३ आला होता आणि ज्यांच्याकडे नेट होतं त्यांना तो अपडेटमधून मिळाला. ज्यांना जुनाच हवा होता त्यांच्यासाठी फायरफॉक्स २ वेगळा उतरवून घ्यायची सोय ठेवली होती. पण त्या काळी उबंटूची सीडी पोस्टाने फुकट घरी यायची, भारतातही. ज्याने अशा सीडीवरून नेट नसलेल्या संगणकावर सिस्टिम टाकली, त्याच्याकडे बीटा कायमचाच राहिला. कमी नेट असलेल्या ठिकाणी ‘नंतर अपडेट देऊ’ या वाक्याला फारसा अर्थ नसतो, हे आमच्या भागात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

एवढं असूनही माझं मत विचाराल तर उबंटूचा निर्णय बरोबर होता. दुखणं दोन-तीन महिन्यांचं होतं, आणि ते कधी संपणार याचा अंदाज होता.

मराठी वाचणाऱ्यांसाठी यात एक फायदाही लपला होता. देवनागरी जोडाक्षरं नीट जुळवून दाखवायला लिनक्सवर पँगो नावाची लायब्ररी वापरतात, आणि फायरफॉक्स ३ चं नवं चित्रण-इंजिन लिनक्सवर अक्षरं मांडायला तीच वापरत होतं.

डेबियन नावाची दुसरी लिनक्स सिस्टिम वेगळ्या वाटेने जाते. ती फायरफॉक्सची ईएसआर आवृत्ती देते, म्हणजे साधारण वर्षभर रूप तेच ठेवून फक्त सुरक्षा-दुरुस्त्या मिळणारी. ही सोय मोझिलाने २०१२ मध्ये सुरू केली. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकची ‘बॉस’ ही भारतीय सिस्टिम डेबियनवरच उभी आहे. शाळा-ऑफिसांना हाच मार्ग सोयीचा: बदल होतो, पण वर्षातून एकदा, आणि आधी कळवून.

फोनवर हीच गोष्ट पुन्हा घडली

२०२० मध्ये मोझिलाने अँड्रॉइडवरचा फायरफॉक्स मुळापासून नवा केला. आतलं बांधकाम नवं, ॲड्रेस बार खाली. नवं ॲप बनत होतं तेव्हा जुनं त्यांनी ६८ व्या आवृत्तीवर थांबवून ठेवलं. २०१९ च्या जुलैपासून वर्षभर त्यात नवीन काही नाही, फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या. नव्याचा नमुना वेगळ्या ॲपच्या रूपाने हौशी लोकांना आधीच वापरायला दिला होता. मग ऑगस्ट २०२० मध्ये ७९ व्या आवृत्तीपासून नवं रूप सगळीकडे पाठवलं.

ऑगस्टच का? ६८ ही ईएसआर आवृत्ती होती आणि तिची मुदत त्याच सुमारास संपत होती. शेवटची ६८.१२ ऑगस्ट २०२० मध्येच निघाली. पुन्हा तिसरं घड्याळ, बघा.

पण या वेळी मला निर्णय तितका पटत नाही. जुन्या ॲपमध्ये शेकडो ॲड-ऑन चालायची. नव्यात सुरुवातीला जेमतेम नऊ. लोकांनी प्ले स्टोअरवर शिव्यांचा पाऊस पाडला. सगळ्यांसाठी ॲड-ऑनचं दार पुन्हा उघडलं ते डिसेंबर २०२३ मध्ये. उबंटूच्या वेळी कच्चेपणा दोन महिन्यांचा होता, इथे तीन वर्षांपेक्षा जास्त. मुदत तर दोन्हीकडे संपत होती. फरक इतकाच की राहिलेलं काम कधी पूर्ण होईल, हे इथे दिसत नव्हतं.

ॲपलने उन्हाळाभर लोकांना ओरडू दिलं

आयफोनवर सफारी सिस्टिमचाच भाग आहे. सफारीचं मोठं रूप बदलायचं तर आयओएसची मोठी आवृत्ती येईपर्यंत थांबायचं. ७ जून २०२१ ला ॲपलने आयओएस १५ दाखवली, त्यात सफारीचा ॲड्रेस बार खाली तरंगणारा आणि बरीचशी बटणं एका टिंबांच्या मेन्यूत कोंबलेली. बीटा वापरणारे भडकले. पान पुन्हा लोड करायचं बटणसुद्धा आत दडलंय म्हणून.

ॲपलने तारीख हलवली नाही, डिझाइन हलवलं. एकामागून एक बीटात बटणं बाहेर आली, बार तरंगायचा थांबला, आणि ऑगस्टमधल्या सहाव्या बीटात ‘ॲड्रेस बार पूर्वीसारखा वर ठेवा’ असा पर्यायच दिला. २० सप्टेंबरला आयओएस १५ सगळ्यांना मिळाली तेव्हा जूनमधलं ते रूप जवळपास उरलंच नव्हतं. तारीख पक्की असेल तर माघार घ्यायची वाट आधीच ठेवावी लागते, हे इथे छान दिसतं.

अँड्रॉइडने ब्राउझर सिस्टिमपासून सोडवला

सुरुवातीच्या अँड्रॉइडमध्ये ‘ब्राउझर’ नावाचंच एक ॲप असायचं, निळ्या पृथ्वीच्या आयकॉनचं. ते सिस्टिमसोबत यायचं आणि सिस्टिमसोबतच जुनं व्हायचं. इतर ॲप्सच्या आत वेबपान दाखवणारा भाग, वेबव्ह्यू, तोही तसाच अडकलेला. जानेवारी २०१५ मध्ये उघड झालं की अँड्रॉइड ४.३ आणि त्याआधीच्या फोनांमधला वेबव्ह्यू गूगल स्वतः आता दुरुस्त करणार नाही. कोट्यवधी फोन तेव्हा वापरात होते. फोन कंपनीने अपडेट दिलं नाही तर दरवाजा तसाच उघडा.

यावरचा उपाय तोवर निघाला होता, पण नव्या फोनांपुरता. २०१४ च्या अँड्रॉइड ५ पासून वेबव्ह्यू प्ले स्टोअरमधून अपडेट होऊ लागला, क्रोम तर आधीपासूनच होत होता. त्यामुळे आता ‘सिस्टिमसोबत ब्राउझर कधी द्यायचा’ असा एक दिवस उरलाच नाही. अपडेट आधी थोड्या फोनांना जातं, गडबड दिसली नाही की आणखी थोड्यांना. म्हणून मित्राच्या फोनमध्ये नवं रूप येतं आणि तुमच्यात येत नाही, दोघांचा फोन एकच असला तरी. क्रोममध्ये तर नवं रूप कधी कधी आधीच डाउनलोड होऊन पडलेलं असतं, कंपनी नंतर लांबूनच ते चालू करते.

याचा उलटा फटकाही बसतो. मार्च २०२१ मध्ये वेबव्ह्यूचं एक सदोष अपडेट गेलं आणि जगभरात जीमेलसकट अनेक ॲप्स उघडताच बंद पडू लागली. गूगलने नवं अपडेट दिल्यावर ते मिटलं. तोवर लोक सेटिंगमध्ये जाऊन वेबव्ह्यूचं अपडेट काढून टाकत होते.

विंडोजनेही हाच रस्ता धरला. मायक्रोसॉफ्टने क्रोमियमवर बांधलेला नवा एज १५ जानेवारी २०२० ला आधी वेगळा दिला, ज्या कंपन्यांना इतक्यात नको होता त्यांना तो अडवायचं साधन दिलं, आणि ऑक्टोबर २०२० च्या विंडोज १० मध्ये तो सिस्टिमसोबतच आला. जुन्या एजची मुदत ९ मार्च २०२१ ला संपली. तिथे जुन्याला वर्षभर वेळ मिळाला, म्हणून आरडाओरडा कमी झाला असावा.

आणि जिथे ब्राउझर सुटलाच नाही: जिओफोन

जुलै २०१७ मध्ये मुंबईत रिलायन्सच्या सभेत जिओफोन जाहीर झाला. १५०० रुपये डिपॉझिट आणि ४जी. आमच्या जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर कित्येकांसाठी इंटरनेटशी पहिली ओळख असाच फोन. त्यात कायओएस नावाची सिस्टिम, आणि तिचा ब्राउझर सिस्टिममध्येच घट्ट बसवलेला. कायओएस २.५ चं इंजिन फायरफॉक्स ४८ चं, म्हणजे २०१६ सालचं. पुढे २०२१ मध्ये कायओएस ३ आली तिचं इंजिन ८४ व्या आवृत्तीचं. मोठी उडी, पण नव्या फोनांसाठी. जुन्या हँडसेटमध्ये ते बसवायची सोय सामान्य माणसाच्या हातात नव्हती.

म्हणून नवीन वेबसाइट अशा फोनवर अर्धवट दिसायची. फोन ठणठणीत, बॅटरी दोन दिवस चालणारी, आणि ब्राउझर २०१६ मध्ये थांबलेला. कच्चा ब्राउझर देण्यापेक्षा हे वाईट, कारण कच्चा निदान पिकतो तरी.

तुमच्या फोनसाठी काय बघायचं?

पहिलं, सेटिंगमध्ये जाऊन अँड्रॉइडची आवृत्ती बघा. अँड्रॉइड ८ आणि ९ साठी क्रोमची १३८ वी आवृत्ती शेवटची. १३९ पासून अँड्रॉइड १० किंवा पुढचं लागतं. हे २०२५ च्या ऑगस्टपासून लागू झालं. तुमचा फोन त्याआधीचा असेल तर क्रोम चालत राहील, पण दुरुस्त्या येणार नाहीत. अशा फोनवर बँकेचं काम टाळा, आणि तुमच्या अँड्रॉइडवर अजून अपडेट मिळणारा दुसरा ब्राउझर प्ले स्टोअरवर आहे का ते शोधा.

दुसरं, फॉर्मची शेवटची तारीख जवळ असेल तर तेवढ्या दिवसांपुरतं ऑटो-अपडेट थांबवता येतं. प्ले स्टोअरमध्ये ब्राउझरचं पान उघडा, वरच्या तीन टिंबांत ‘ऑटो अपडेट’ची खूण काढा. काम झालं की खूण परत करा. हे विसरू नका. महिनोन् महिने तसंच ठेवलं तर तुम्हीच स्वतःला फायरफॉक्स २ वाल्यांच्या जागी नेऊन बसवाल. लांबून चालू केलेलं नवं रूप मात्र याने थांबेलच असं नाही, म्हणून फोनमध्ये दुसरा एखादा ब्राउझर टाकून ठेवा आणि त्यात एकदा तरी लॉगिन करून बघा.

तिसरं, रूप बदललं की लगेच वैतागू नका, सेटिंग चाळा. आयफोनमध्ये सफारीच्या सेटिंगमध्ये ॲड्रेस बारची जागा निवडता येते. फायरफॉक्समध्ये टूलबार वर की खाली ते ठरवता येतं. क्रोमनेही २०२५ मध्ये अँड्रॉइडवर ही सोय दिली: ॲड्रेस बार दाबून धरा, तो खाली किंवा वर हलवायचा पर्याय येईल. ‘डेस्कटॉप साइट’ मात्र तीन टिंबांच्या मेन्यूतच असतं, टिंबं वर असोत की खाली.

आणि ज्यांना नवं रूप सगळ्यांच्या आधी बघायची हौस आहे त्यांनी क्रोम बीटा किंवा फायरफॉक्स बीटा हे वेगळं ॲप घ्यावं, नेहमीचा ब्राउझर तसाच ठेवून. बटण सापडत नाही, मराठी अक्षर तुटतंय, कमी रेंजमध्ये पान अडकतंय, असं काही दिसलं तर त्याच ॲपच्या मेन्यूतून कळवा. सफारीचा बार तसाच वर आला होता.